आईच्या शेजारची खुर्ची : व्हिक्टोरिया राणीच्या लेकी

रानजाई

गेल्या वर्षी आई गेली आणि तिच्या वह्या माझ्याकडे आल्या. दुधाचे खाडे, वाणसामानाच्या याद्या, कुणाला किती आहेर केला ते, आणि मधेच कुठेतरी दोन ओळी मनातल्या. त्यातली एक ओळ आत्याबद्दल आहे. ती आत्याच्या मुलांच्या नजरेस पडू नये असं वाटतं. ते पान फाडावं का, या विचारात बरेच दिवस गेले. नेमकं त्याच सुमारास बिअट्रिसबद्दल वाचनात आलं, आणि तेव्हापासून या मायलेकींनी माझा पिच्छा सोडलेला नाही. म्हणून हा धागा.

बिअट्रिस म्हणजे इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचं नववं मूल, शेंडेफळ. जन्म १४ एप्रिल १८५७. तिचे वडील अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ ला गेले, तेव्हा ती पाच वर्षांचीही नव्हती. राणी तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. तिनं काळे कपडे चढवले ते मरेपर्यंत उतरवले नाहीत, आणि या धाकटीला जवळ ओढलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. थोरल्या बहिणी एकेक करून सासरी गेल्या. आईची पत्रं लिहिणं, तिला वाचून दाखवणं, गाडीतून फिरायला निघाली की शेजारी बसणं हे सगळं बिअट्रिसकडे आलं. घरात तिला ‘बेबी’ म्हणत, आणि ती मोठी झाली तरी ते नाव तसंच राहिलं. तिच्यासमोर जेवणाच्या टेबलावर लग्नाचा विषय काढायचा नाही, अशी ताकीद दरबारातल्या माणसांना होती.

१८८४ च्या एप्रिलमध्ये भाचीच्या लग्नासाठी ती आईबरोबर जर्मनीत डार्मश्टाटला गेली. तिथे नवरदेवाचा धाकटा भाऊ हेन्री बॅटनबर्ग तिला आवडला. ती सत्तावीस वर्षांची होती. घरी परतल्यावर तिनं आईला सांगितलं, आणि आईनं अबोला धरला. मे ते नोव्हेंबर, सात महिने. एका छताखाली, एका टेबलावर दोघी न्याहारी करायच्या, आणि काही सांगायचं असलं तर राणी चिठ्ठी लिहून टेबलावरून लेकीकडे सरकवायची. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. अंड्याचे कप, चहाची किटली, आणि त्यांच्यामधून सरकत येणारा तो कागद मला दिसत राहिला. अर्ध्या जगावर जिचा हुकूम चालायचा, तिला पोटच्या पोरीशी दोन शब्द बोलता येत नव्हते.

अखेर राणीनं होकार दिला, पण अट घालून. जोडप्यानं कायम तिच्याजवळच राहायचं. हेन्रीनं प्रशियाच्या सैन्यातली नोकरी सोडली आणि तो घरजावई झाला. २३ जुलै १८८५ ला वाइट बेटावर, ऑस्बोर्न वाड्याजवळच्या व्हिपिंगहॅमच्या चर्चमध्ये लग्न लागलं. मधुचंद्राचं घरही तिथून काही मैलांवर. चार मुलं झाली. घरातलं ते बसून राहणं हेन्रीला सोसेना. १८९५ च्या शेवटी त्यानं आशांटीच्या मोहिमेवर, म्हणजे आजच्या घानामध्ये, जाण्याची परवानगी मागून घेतली. तिथे त्याला हिवताप झाला, आणि २० जानेवारी १८९६ ला सिएरा लिओनजवळ जहाजावरच तो गेला. बिअट्रिस अडतीस वर्षांची होती. ती पुन्हा आईच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

१९०१ मध्ये राणी गेली. तेरा वर्षांची असल्यापासून ती रोजनिशी लिहीत होती, आणि त्या रोजनिशीची व्यवस्था तिनं बिअट्रिसवर सोपवली होती. बिअट्रिस ती वाचायची, ठेवण्याजोगा वाटेल तेवढा मजकूर निळ्या वह्यांत स्वतःच्या अक्षरात उतरवायची, आणि उतरवून झालेला मूळ भाग जाळायची. या कामात तीसेक वर्षं गेली. अशा १११ वह्या भरल्या. भाचा पाचवा जॉर्ज राजा झाला होता. त्याला आणि त्याच्या राणीला हे पसंत नव्हतं, पण आईची आज्ञा होती आणि बिअट्रिस थांबली नाही.

या राजकन्यांना राजाच्या संमतीशिवाय लग्न करता येत नसे, म्हणजे एक कुलूप कायद्याचं होतंच. पण घट्ट बसलेलं कुलूप मायेचं होतं. माझ्याशिवाय तुला कोण, आणि तुझ्याशिवाय मला कोण. बापाच्या किंवा आईच्या एकटेपणाची किंमत मुलीनं आयुष्य देऊन चुकवायची, आणि ती चुकवताना तिला ते प्रेमच वाटायचं. आई गेल्यावरही बिअट्रिस तीस वर्षं तिचीच लेखनिक राहिली, आणि तेव्हा तर कुणी तिला धरून ठेवलं नव्हतं.

या मुलींबद्दल ज्यांनी वाचलं असेल त्यांनी लिहा. बाकीच्या युरोपातलंही चालेल.

नदीकाठ

रानजाईताई, चिठ्ठीचा प्रसंग वाचून पोटात तुटलं.

एक जोडते. व्हिक्टोरिया स्वतः अशाच कोंडवाड्यात वाढली होती. केन्सिंग्टनच्या वाड्यात ती राणी होईपर्यंत आईच्याच खोलीत झोपायची. कुणाचा तरी हात धरल्याशिवाय तिला जिना उतरायची परवानगी नव्हती. आई आणि आईचा कारभारी जॉन कॉनरॉय यांनी हे नियम घातले होते, पोर आपल्या मुठीत राहावी म्हणून. २० जून १८३७ च्या पहाटे काका गेल्याची खबर आली आणि अठरा वर्षांची ही मुलगी राणी झाली. पहिल्याच दिवशी तिनं काही वेळ एकटं राहू द्या म्हणून सांगितलं आणि स्वतःचा पलंग आईच्या खोलीतून बाहेर काढायला लावला.

पलंग हलवण्याचं मोल जिला इतकं नेमकं ठाऊक होतं तिनंच पुढे पोटच्या पोरीला असं बांधून ठेवावं, हे मला अजून पचत नाही.

पिंपळपान

बाकीच्या युरोपाकडे जाण्याआधी एक पिढी मागे जाऊ या. व्हिक्टोरियाच्या सहा आत्या होत्या, तिसऱ्या जॉर्जच्या मुली. ‘बापाच्या मायेचं कुलूप’ पाहायचं तर ते इथे.

तिसऱ्या जॉर्जला पंधरा मुलं, त्यांत सहा मुली. मुलींवर त्याचा फार जीव. त्याच्या स्वतःच्या बहिणीचं, कॅरोलाइन मटिल्डाचं, डेन्मार्कच्या सासरी वाटोळं झालं होतं. नवरा वेडसर. राजवैद्य स्ट्रुएन्झेशी तिचं प्रेम जडलं, त्याला १७७२ मध्ये देहान्त शासन झालं, आणि ती तेविसाव्या वर्षी परमुलखात वारली. त्यामुळे आपल्या मुलींना परक्या दरबारात पाठवायचं म्हटलं की राजाचा पाय मागे यायचा. देशातल्या उमरावाला मुलगी देणं त्याच्या दृष्टीनं कमीपणाचं. परदेशी नको, देशी नको, मग उरलं काय? सांगून आलेली स्थळं तशीच परत जात राहिली. त्यातच राजाला वेडाचे झटके सुरू झाले, आणि आजारी बापापुढे लग्नाची गोष्ट काढायची कुणाची छाती होईना.

मुली विंडसरला राहायच्या. भरतकाम, चित्रं, पियानो, आईला वाचून दाखवणं, संध्याकाळी त्याच त्या माणसांबरोबर पत्ते. आपल्या घराला त्या स्वतःच जोगिणींचा मठ म्हणायच्या. थोरल्या शार्लटचं लग्न तिसाव्या वर्षी झालं. मेरीचं चाळिसाव्या वर्षी, चुलतभावाशी. एलिझाबेथचं १८१८ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी, जर्मनीतल्या हेस-होम्बुर्गच्या राजपुत्राशी. त्या वयात मूल होण्याची आशा नव्हती, तरी ती आनंदानं गेली, कारण तिला स्वतःचं घर हवं होतं. ऑगस्टा आणि सोफिया अविवाहितच राहिल्या.

धाकटी अमीलिया. तिचं मन बसलं चार्ल्स फिट्झरॉयवर. तो राजाच्या पदरचा लष्करी अधिकारी, तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा. लग्न होणं शक्य नव्हतं, पण ती पत्राखाली स्वतःच्या नावापुढे त्याच्या आडनावाची आद्याक्षरं लावायची. पुढे क्षयानं तिला ग्रासलं. अंथरुणाला खिळल्यावर तिनं एक अंगठी घडवून घेतली. तिच्यात स्वतःच्या केसांची बट बसवली, आणि बाप भेटायला आला तेव्हा आपल्या हातानं त्याच्या बोटात घातली. आठवण ठेवा, एवढंच म्हणाली. राजाला तेव्हा जवळजवळ दिसत नव्हतं. त्यानं ती अंगठी बोटांनी चाचपली असणार, हे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. २ नोव्हेंबर १८१० ला ती गेली, सत्तावीस वर्षांची. राजा त्या दुःखातून वर आलाच नाही. १८११ मध्ये कारभार थोरल्या मुलाकडे गेला.

अमीलियानं मृत्युपत्रात सगळं फिट्झरॉयला दिलं होतं. तिच्या भावांनी त्याला गळ घालून हक्क सोडायला लावला.

तळटीप

पिंपळपान यांचा प्रतिसाद उत्तम. कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो.

१७७२ चा राजघराण्याचा विवाह कायदा. राजाचा एक भाऊ परस्पर लग्न करून मोकळा झाला, त्या रागातून आला. दुसऱ्या जॉर्जच्या वंशातल्या कुणालाही राजाच्या संमतीशिवाय लग्न करता येणार नाही, केलं तरी ते लग्नच नव्हे. परदेशी घराण्यांत दिलेल्या मुलींची संतती यातून वगळली होती. पंचवीस वर्षं पूर्ण झाल्यावर एक फट होती. प्रिव्ही कौन्सिलला, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाला, कळवायचं, बारा महिने थांबायचं, आणि तेवढ्यात संसदेच्या दोन्ही सभागृहांनी हरकत घेतली नाही तर लग्न करता येई. अमीलियाची आशा याच फटीवर होती. पण मुलीनं राजाविरुद्ध नोटीस द्यायची म्हणजे देशभर बोभाटा, आणि बाप असा आजारी. कागदावरचा हक्क वापरणं कुणाला जमलं नाही. हा कायदा रद्द व्हायला २०१३ चा नवा कायदा यावा लागला.

दुसरी गोष्ट पैशाची. लग्नात राजकन्येला हुंडा आणि पुढे सालीना तनखा संसदेनं मंजूर करायचा. व्हिक्टोरियाच्या थोरल्या लेकीला, व्हिकीला, ४०,००० पौंड हुंडा आणि वर्षाला ८,००० तनखा मिळाला, दुसरीला, ॲलिसला, ३०,००० आणि ६,०००. स्वतःच्या हिमतीवर लग्न करणारीला यातलं काही मिळण्याची खात्री नाही, आणि पोट भरायला काही शिकवलेलं नाही.

बिअट्रिसबद्दल एक राहिलं. ॲलिस वारल्यावर तिचा विधुर नवरा लुडविग याच्याशी बिअट्रिसचं लग्न लावावं, असं राणीच्या मनात होतं. म्हणजे धाकटी हाताशीच राहील आणि ॲलिसच्या पोरांना आईही मिळेल. पण मेलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न इंग्लंडच्या कायद्यात बसत नव्हतं, आणि बदलाचं विधेयक वरिष्ठ सभागृहानं फेटाळलं. तो कायदा १९०७ मध्ये बदलला.

अबोली

सगळे प्रतिसाद वाचले. माहिती चांगली आहे, पण मला हे रडगाणं जड जातंय, स्पष्टच लिहिते. १८४२ पर्यंत इंग्लंडमध्ये लहान मुली कोळशाच्या खाणीत उतरत होत्या, कमरेला साखळी बांधून गाडे ओढत होत्या. त्या वर्षी कायदा झाला म्हणून ते थांबलं. याच राण्यांच्या वाड्यांत पहाटे उठून शेगड्या पेटवणाऱ्या पोरी होत्या. त्यांची पत्रं कुणी जपली नाहीत. अमीलियाची अंगठी आपल्याला ठाऊक आहे. ती ज्या पलंगावर गेली त्याच्या चादरी कुणी धुतल्या ते ठाऊक नाही.

रानजाई

अबोली, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते इथे यायलाच हवं होतं. दुःखाची वजनं करायला मी बसले नाही. खाणीतल्या मुलीचं दुःख मोठं, यात वाद नाही. मी या मुलींकडे जाते ते दुसऱ्या कारणानं. भूक नाही, थंडी नाही, मार नाही, सगळे प्रेमच करताहेत, तरी आयुष्य आपलं नाही. ते कसं घडतं हे इथे उघडं दिसतं, कारण यांनी पत्रं लिहिली. वाड्यातल्या शेगड्या पेटवणाऱ्या मुलींबद्दल तुम्ही लिहाल का? मनापासून विचारते. वेगळा धागा काढा, मी वाचेन.

आणि नदीकाठ, तुमच्या प्रश्नाबद्दल. राणीला कळत नव्हतं असं नाहीच. व्हिकीला लिहिलेल्या पत्रांत तिनं लग्नाला सोडत म्हटलंय, बायको ही शरीरानं आणि मनानं नवऱ्याची गुलाम असते असंही लिहिलंय. हे लिहिणारी बाईच पुढच्या पत्रात दुसऱ्या मुलीच्या स्थळाची चौकशी करते. तिसऱ्या मुलीचं, हेलेनाचं, मन अल्बर्टच्या ग्रंथपालाकडे, कार्ल रुलांडकडे, ओढलं जातंय असं दिसताच १८६३ मध्ये त्याला जर्मनीला परत पाठवलं, आणि १८६६ मध्ये तिचं लग्न झालं पंधरा वर्षांनी मोठ्या, ख्रिश्चन नावाच्या जर्मन राजपुत्राशी. त्यात अट तीच, राहायचं इंग्लंडमध्येच.

दूरदेशी

मी डार्मश्टाटपासून तासाभरावर राहतो, म्हणून ॲलिसबद्दल लिहायचा हक्क सांगतो.

राणीची ही दुसरी मुलगी. अल्बर्टच्या शेवटच्या दुखण्यात अठरा वर्षांच्या ॲलिसनं त्याची शुश्रूषा केली, आणि तो गेल्यावर कोसळलेल्या आईला तिनंच सावरलं. तिचं लग्न ठरलेलं होतं. ते १ जुलै १८६२ ला ऑस्बोर्नच्या जेवणघरात लागलं. राणी वैधव्याच्या वेशात मुलांच्या आडोशाला बसली होती. नंतर तिनं स्वतःच लिहिलं की लग्नापेक्षा ते अंत्यविधीसारखं वाटलं. लग्नाचा पांढरा पोशाख सोडला तर ॲलिसनं सासरी नेलेले कपडे काळे होते.

इथे आल्यावर मात्र ही मुलगी उभी राहिली. १८६६ च्या युद्धात तिनं जखमींसाठी दवाखाने उभे केले, १८६७ मध्ये स्त्रियांची संस्था काढली आणि परिचारिका तयार केल्या. तिच्या नावाचं हॉस्पिटल डार्मश्टाटमध्ये आजही चालू आहे. मुलाला अंगावर पाजते म्हणून आई इतकी चिडली की बालमोरलच्या गोठ्यातल्या एका गाईला तिनं ‘राजकन्या ॲलिस’ असं नाव ठेवलं. हे वाचून मला हसू आलं नाही.

१८७८ च्या नोव्हेंबरमध्ये घरात घटसर्प शिरला. नवरा आणि एक सोडून सगळी मुलं आजारी. चार वर्षांची धाकटी लेक, नाव मे, १६ नोव्हेंबरला गेली. ॲलिसनं ही बातमी बाकीच्या मुलांपासून काही दिवस लपवली. शेवटी मुलाला, एर्न्स्टला, सांगावं लागलं. तो रडायला लागला. जवळ जायचं नाही हे तिला माहीत होतं, पण तिनं वाकून त्याचा मुका घेतला. १४ डिसेंबरला ती गेली, बापाच्याच तारखेला, सतरा वर्षांनी. वय पस्तीस. इथल्या रोझेनह्योहे बागेतल्या समाधीत तिची संगमरवरी मूर्ती आहे, झोपलेली, कुशीत मे. शिल्पकार बोएम. मुलीचं डोकं आईच्या खांद्याशी टेकलंय. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी लेक तेवढ्याच वयाची होती.

मध्यरात्र

बेल्जियमच्या लुईझचं कुणी घेतलं नाही, म्हणून लिहिते. दुसऱ्या लिओपोल्डची, म्हणजे काँगोत ज्यानं अनन्वित अत्याचार करवले त्या राजाची थोरली मुलगी. ४ फेब्रुवारी १८७५ ला सतरावं पूर्ण व्हायच्या आत तिला चौदा वर्षांनी मोठ्या फिलिपला दिलं. लग्नाच्या रात्री काय असतं हे तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं. ती खोलीतून पळाली आणि लाकेनच्या राजवाड्याच्या बागेत, काचेच्या हरितगृहात जाऊन लपली. हे तिनंच आपल्या आठवणींत लिहिलंय. तिथून तिला शोधून परत आणलं आणि समजूत घातली.

वीस वर्षांनंतर ती एका घोडदळातल्या अधिकाऱ्याबरोबर, गेझा माटाचिचबरोबर, राहू लागली. त्याला खोट्या वचनचिठ्ठ्यांच्या खटल्यात तुरुंगात टाकलं. लुईझपुढे दोन पर्याय ठेवले, नवऱ्याकडे परत जा, नाही तर वेड्यांच्या इस्पितळात. तिनं इस्पितळ निवडलं. १८९८ पासून सहा वर्षं ती कोंडलेली होती. १९०४ मध्ये माटाचिचच्याच मदतीनं निसटली, आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या डॉक्टरांनी तिला शहाणी ठरवलं.

तिची बहीण स्टेफनी विधवा झाल्यावर स्वतःच्या पसंतीनं एका हंगेरियन काउंटशी लग्न करून बसली होती. १९०२ मध्ये आईच्या शवपेटीजवळ ती प्रार्थना करत असताना बापानं तिला तिथून जायला लावलं. इथे मायेचं कुलूप वगैरे नव्हतं, रानजाई. सरळ सत्ता होती.

नदीकाठ

तारखा पाहताना एक लक्षात आलं. बिअट्रिसचं लग्न २३ जुलै १८८५. त्याच उन्हाळ्यात मुंबईत ‘एक हिंदू स्त्री’ या सहीनं बालविवाहाविरुद्धचं पत्र वर्तमानपत्रात आलं होतं, आणि २१ सप्टेंबर १८८५ ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. पत्र लिहिणारी रखमाबाईच. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, आणि नांदायला जाणार नाही म्हणून ठाम. अपिलात प्रकरण उलटलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करते म्हणून कळवलं. आणि त्याच वर्षी, राणीच्या राज्याला पन्नास वर्षं होत होती तेव्हा, लंडनच्या वर्तमानपत्रात त्यांचं पत्र छापून आलं. त्यात राणीला आई म्हणून हाक मारली होती, आपल्या लाखो हिंदी लेकींचं ऐका आणि हिंदू कायद्यात थोडा बदल करा म्हणून.

राणीनं ते लग्न मोडून दिलं ना? असं लहानपणी ऐकलं होतं.

तळटीप

नाही. ते सगळीकडे फिरतं, पण खरं नाही. १८८८ च्या जुलैमध्ये रखमाबाईंच्या नवऱ्यानं, दादाजींनी, दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला आणि खटला तडजोडीनं मिटला. त्यानंतर रखमाबाई लंडनला शिकायला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. राणीला स्त्रियांच्या हक्कांची चळवळच मान्य नव्हती. १८७० च्या एका खासगी पत्रात तिनं त्या चळवळीला दुष्ट खुळेपणा ठरवलंय.

पिंपळपान

लुईझ हे नाव निघालं म्हणून व्हिक्टोरियाच्या लुईझबद्दल दोन शब्द. नऊ भावंडांत सहावी, आणि तिला दगडात काम करायचं होतं. केन्सिंग्टनच्या सरकारी कलाशाळेत तिनं नाव घातलं. १८७१ मध्ये तिनं एका प्रजाजनाशी, लॉर्नशी, लग्न केलं. १५१५ नंतर राजाच्या संमतीनं असं घडलेलं नव्हतं. केन्सिंग्टन वाड्यासमोर व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा आहे, १८९३ चा, तो लुईझनं घडवलेला. आईला हाताचा आधार घेतल्याशिवाय जिना उतरता येत नव्हता तो हाच वाडा.

पण मूळ लेखातल्या जाळण्याबद्दल मला थोरल्या व्हिकीची आठवण काढायची आहे. चौदाव्या वर्षी तिचं ठरलं, सतराव्या वर्षी बर्लिनला गेली. १८८८ मध्ये नवरा जर्मनीचा सम्राट झाला आणि घशाच्या कर्करोगानं नव्याण्णव दिवसांत गेला. तो गेल्या क्षणी तिच्या पोटच्या मुलानं, दुसऱ्या विल्हेल्मनं, राजवाड्याला सैनिकांचा वेढा घातला आणि आईची कागदपत्रं शोधायला लावली. सापडली नाहीत. तिनं ती आधीच इंग्लंडला हलवली होती.

१९०१ मध्ये ती स्वतः कर्करोगानं अंथरुणात होती. भाऊ सातवा एडवर्ड भेटायला आला, बरोबर त्याचा सचिव फ्रेडरिक पॉन्सनबी. तिनं पॉन्सनबीला एकट्याला बोलावून आपली पत्रं इंग्लंडला न्यायला सांगितली, मुलाला कळता कामा नये म्हणाली. रात्री एकच्या सुमारास चार माणसांनी दोन मोठ्या पेट्या त्याच्या खोलीत आणून ठेवल्या. त्याला वाटलं होतं पत्रांचं लहानसं पुडकं असेल. त्यानं एकीवर ‘पुस्तकं’ आणि दुसरीवर ‘चिनी मातीची भांडी’ असं लिहिलं, आणि नोकरांच्या डोळ्यांदेखत त्या पेट्या सामानाबरोबर गेल्या. १९२८ मध्ये ती पत्रं छापून आली. विल्हेल्म तेव्हाही आडवा आला होता.

म्हणजे त्याच वर्षी एक बहीण कागद वाचवत होती आणि दुसरी जाळायला बसली होती. धाकटीला दोष देण्याआधी मी एवढंच म्हणेन की थोरली सतराव्या वर्षी त्या घरातून बाहेर पडली होती.

रानजाई

पिंपळपान, शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. दूरदेशी, नदीकाठ, मध्यरात्र, सगळ्यांचे आभार. मध्यरात्र, लुईझच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. माझं म्हणणं सगळ्यांना लागू नाही.

जाळलेलं सगळं गेलं नाही, हे सांगायचं राहिलं. बिअट्रिसचं काम पूर्ण होण्याआधी लॉर्ड ईशर यांनी १८३२ ते १८४० च्या सुरुवातीपर्यंतच्या रोजनिशीची टंकलिखित प्रत करून घेतली होती. ती टिकली. दोन्ही शेजारी ठेवल्या की धाकटीनं काय गाळलं ते कळतं. लग्नानंतरच्या दिवसांत अल्बर्टबद्दल व्हिक्टोरियानं जे भरभरून लिहिलं ते ईशरच्या प्रतीत आहे, आणि बिअट्रिसच्या निळ्या वहीत ते आटलंय. २०१२ मध्ये ही सगळी पानं संगणकावर खुली झाली. मी एक संध्याकाळ ती समोरासमोर लावून वाचत बसले होते. बिअट्रिसचं अक्षर नेटकं आहे, खाडाखोड जवळजवळ नाही.

१९४१ मध्ये, चौऱ्याऐंशी वर्षांची असताना, तिनं आणखी एक पुस्तक काढलं. आईच्या आजीच्या जर्मन रोजनिशीचा अनुवाद.

आईच्या वहीतलं ते पान मी फाडलं नाही. भावाला फोन करून सांगितलं, त्यालाही आता माहीत आहे.

बिअट्रिस २६ ऑक्टोबर १९४४ ला गेली. युद्ध चालू होतं, म्हणून आधी विंडसरला ठेवलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तिला व्हिपिंगहॅमला, जिथे लग्न लागलं त्याच चर्चमध्ये आणलं आणि हेन्रीच्या शेजारी ठेवलं. तो तिथे एकोणपन्नास वर्षं होता.